घट

आमच्या बोळात सोनं तोलायची वेळ आली की कुणीतरी ओरडतं, "पंखा बंद कर." काटा काचेच्या पेटीत असतो, पेटीला झाकण असतं, तरीही पंखा बंद. वाऱ्यानं पाच-दहा मिलिग्रॅमचा फरक पडतो, आणि पाच-दहा मिलिग्रॅमवरून बोलणं तुटलेली माणसं मी पाहिली आहेत. पंखा थांबेपर्यंत सगळे गप्प. गिऱ्हाईक श्वास रोखून, मालक श्वास रोखून. जून असला तर घामाचा थेंब नाकाच्या शेंड्यावर येऊन लोंबत राहतो. आकडा स्थिर झाला की सगळे एकदम श्वास सोडतात.

ही सवय हाताला इतकी जडली आहे, की घरी माणसं तोलायचा काटा आणला त्या दिवशी त्यावर चढण्याआधी मी भिंतीपाशी गेलो आणि पंखा बंद केला. बायको दारात उभी राहून बघत होती. काट्यानं 138 किलो 400 ग्रॅम दाखवलं. तिनं पुढे होऊन पंखा लावला आणि म्हणाली, "वाऱ्यानं उडून जाल म्हणून भ्यालात की काय?"

आम्ही गलाईवाले. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीच्या कोरड्या मुलखातली माणसं. देशात जिथे सराफ बाजार आहे, तिथे मागच्या बोळात विट्याकडचा एखादा तरी माणूस भट्टीपुढे बसलेला सापडेल. आमची भट्टी लखनौच्या चौक भागात आहे. मोडीचं सोनं मुशीत घालायचं, सवागीची चिमूट टाकायची, आटवायचं, तेजाबानं शुद्ध करायचं आणि पंखा बंद करून तोलायचं. आत टाकलं त्याहून बाहेर आलेलं नेहमी कमीच भरतं. त्या कमी भरण्याला आम्ही घट म्हणतो. गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न हाच, किती गेलं? विचारणारा लखनवी असो की खानापुरी, स्वर तोच, संशयाचा.

2023 साली होळी झाल्यावर मी पोटाचं ऑपरेशन करून घेतलं. आज काटा 84 किलो 600 ग्रॅमच्या आसपास घुटमळतो. म्हणजे चोपन्न किलोला जरा कमी, एवढी घट. बाजारात कुणाच्या मालात एवढी घट आली असती तर लोकांनी भट्टी फोडली असती.

ऑपरेशनची कागदावरची कारणं वेगळी होती. शुगर, गुडघे, रात्री झोपेत श्वास अडकणं. खरं कारण एवढंच की मला भट्टीपुढे मांडी घालून बसता येईना. पोट मध्ये येई. मूस चिमट्यानं उचलताना माझा हात माझ्याच पोटाला वळसा घालून जाई. पस्तीस-चाळीस ग्रॅम सोन्याचा तांबूस उजेड पाहायला मला मान तिरकी करावी लागे, आणि ते मला अपमानाचं वाटायचं.

डॉक्टरांनी पाठकोऱ्या कागदावर चित्र काढलं. पखालीसारखं जठर, त्याची बाहेरची फुगीर बाजू, पाऊण हिश्शाहून थोडी जास्तच, कापून काढायची. उरते ती केळ्याएवढी नळी. "यात किती मावेल?" मी विचारलं. "सौ-डेढ़ सौ मिलीलीटर," ते म्हणाले, आणि लखनौचेच असल्यामुळे पुढे म्हणाले, "समझिए, एक कुल्हड़ चाय." इंग्रजीत याला स्लीव्ह म्हणतात, म्हणजे बाही. आमच्या गल्लीत "आँत कटवा ली" म्हणतात, आतड्याला कुणी बोटही लावलं नव्हतं तरी. आमच्या घरात हा विषय त्याआधी दोनदा येऊन गेला होता. 2011 मध्ये नितीन गडकरींनी असं ऑपरेशन करून घेतल्याची बातमी आली, तेव्हा खाण्यावर एवढं प्रेम असलेला माणूस यापुढे करणार काय, याची आम्ही चवीनं चर्चा केली. 2017 मध्ये इजिप्तची इमान अहमद मुंबईत आली, पाचशे किलोच्या घरातली. त्याच वर्षी सप्टेंबरात ती अबू धाबीत वारली. आईनं तेवढंच लक्षात ठेवलं. माझ्या ऑपरेशनच्या आदल्या रात्री तिनं मला दोनच शब्द ऐकवले, "ती बाई..." आणि थांबली.

पहिले काही दिवस नुसतं पाणी, डाळीचं निवळ पाणी, नारळपाणी. तेही एका वेळी 30 मिलिलिटर, औषधाच्या बाटलीवर येतं त्या प्लास्टिकच्या मापानं. एक माप संपवायला पंधरा मिनिटं. मी गुंजा-माशांच्या हिशेबातला माणूस. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, हे पाढे मी बेरीज-वजाबाकीच्या आधी शिकलो. पण पोटात जाणाऱ्या गोष्टीचं माप मी जन्मात कधी धरलं नव्हतं. जेवणाचं माप म्हणजे पोट भरणं, आणि पोट भरणं म्हणजे बायकोनं "आता बास" म्हणणं.

दोन आठवड्यांनी घट्टसर पातळ सुरू झालं. आहारतज्ज्ञ बाईंनी दिलेला तक्ता मी आईला वाचून दाखवला. कडधान्याचं पीठ शिजवून, गाळून, पातळ करून, गुठळी न ठेवता. आईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे माडगंच की रं."

हुलग्याचं माडगं. हुलगे भाजून दळायचे आणि ते पीठ पाण्यात शिजवायचं. मी लहान असताना आजीच्या घरी ते आजाऱ्याला, बाळंतिणीला आणि वाईट वर्षात सगळ्यांनाच मिळायचं. 1972 च्या दुष्काळात आमच्या घरानं बरेच दिवस त्यावर आणि सरकारनं वाटलेल्या सुकडीवर काढले. वडील तेव्हा एकोणीस वर्षांचे. रोजगार हमीच्या कामावर खडी फोडत होते. त्या खडीतून उठून ते गावातल्या एका जाणत्या गलाईवाल्याच्या मागोमाग लखनौला आले, ते इथलेच झाले. ताटात शीत उरलेलं त्यांना खपत नसे. आम्ही जेवून उठलो की ते ताटाकडे बघत, बोलत काही नसत. माझं अर्धं वजन त्या बघण्यानं वाढवलं असं मी म्हटलं तर वडिलांवर अन्याय होईल. पण थोडं तरी वाढवलं असेल. ज्यानं उपास पाहिला तो मुलाला भूक लागण्याआधीच वाढतो.

आणि आता दुष्काळातलं तेच पातळ पेय पन्नाशीला टेकलेल्या मुलाला मापानं मोजून दिलं जात होतं, महागड्या तक्त्यात लिहून. आईला हे विनोदी वाटलं की वाईट, मला कळलं नाही. गूळ घालायची तिची इच्छा होती, तो मी घालू दिला नाही. ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "यवढंसं तर मांजर बी टाकून देतं."

वडील असते तर काय म्हणाले असते, हा विचार माझ्या मनात पुष्कळदा येतो. मी दहावी करून लखनौला आलो तेव्हा त्यांनी पहिल्या रविवारी मला बडा इमामबाडा दाखवायला नेलं. वाटाड्या त्याचा नेहमीचा किस्सा सांगत होता. 1784 चा दुष्काळ, नवाब आसफुद्दौला, लोकांच्या हाताला काम म्हणून काढलेलं हे बांधकाम. दिवसा मजूर बांधत, आणि ज्यांना उजेडात हात पसरायची लाज वाटे असे खानदानी लोक रात्री येऊन बांधलेलं पाडत, म्हणजे कामही संपू नये आणि इज्जतही जाऊ नये. त्या हजारो लोकांसाठी मोठमोठ्या देगा तोंड बंद करून मंद आचेवर ठेवत, आणि नवाबाच्या नाकात तो वास गेला म्हणून दमपुख्त राजवाड्यात शिरलं, असंही इथे सांगतात. वडिलांनी मान वर करून तो खांब नसलेला प्रचंड दिवाणखाना पाहिला आणि म्हणाले, "हे बी दुष्काळी कामच." मग जरा वेळानं, "आमी नुसती खडी केली."

भुकेचं काय झालं, हे लोक फार उत्सुकतेनं विचारतात. भूक लागत नाही. निदान पहिले सात-आठ महिने लागत नव्हती. जठराचा जो भाग काढतात, त्यातच भुकेचा सांगावा मेंदूकडे धाडणारं घ्रेलिन मुख्यतः तयार होतं. जपानी संशोधकांनी ते 1999 मध्ये शोधलं, म्हणजे त्यापूर्वी माणसाला भूक लागायची पण कोणामार्फत ते ठाऊक नव्हतं. आपल्याकडे पोटात कावळे ओरडतात. माझे कावळे उठून गेले. दुपारचा एक वाजला, दोन वाजले, समोरच्या पोरांचे डबे उघडले, आणि आत सगळं शांत. सुरुवातीला मला ती शांतता फार मोठी कमाई वाटली. नंतर तिच्यात करमेना. भूक ही नुसती खाण्याची सोय नसते. ती दिवसाचे तुकडे पाडते, घरी जायला कारण देते, बायकोशी बोलायला विषय देते. मी घड्याळाचा गजर लावून जेवू लागलो. गजर वाजला की चार चमचे.

मग एका सकाळी, आठव्या-नवव्या महिन्यात, अकबरी दरवाज्याकडून जाताना तव्यावरच्या तुपाचा वास आला आणि पोटात अगदी पुसट काहीतरी हललं. एखादाच कावळा, लांबून. मी तिथेच उभा राहिलो. आनंद झाला आणि धडकीही भरली.

अकबरी दरवाज्यापाशी टुंडे कबाबी आहे. हाजी मुराद अली यांनी 1905 मध्ये थाटलेलं दुकान. त्यांना एक हात नव्हता म्हणून टुंडे. दात गेलेल्या नवाबासाठी गलावटीचा कबाब निघाला असं लखनौत कुणीही सांगेल, नवाबाचं नाव मात्र जो तो वेगळं घेतो. खिम्याला कच्ची पपई लावून ठेवतात, ती मांसाचे धागे सोडवते, मग दातांचं काम राहत नाही. आमची गलाई, त्यांची गलावट. धातू आगीनं गळतो, मांस पपईनं. मी जन्मभर हा कबाब एका बैठकीत बारा-पंधरा खाल्ला होता आणि तो कसा लागतो हे मला धड माहीत नव्हतं. ऑपरेशनला वर्ष झाल्यावर अर्धा खाल्ला. एकेक कण जिभेवर ठेवून, घड्याळ लावून, वीस मिनिटं. आधी धूर, मग लवंग, मग खूप मागून काहीतरी फुलासारखं, ज्याचं नाव मला आजही सांगता येणार नाही. वाढणारा मुलगा दोनदा येऊन विचारून गेला, "खराब है क्या, भाईसाहब?"

अब्दुल हलीम शरर यांच्या 'गुज़िश्ता लखनऊ'त जुन्या खाण्याच्या गोष्टी आहेत. गाझीउद्दीन हैदरला रोज सहा पराठे लागत आणि आचारी एकेका पराठ्याला पाच शेर तूप उचले. वजिरानं ते एक शेरावर आणलं, तेव्हा बादशहानं वजिराला थपडा लगावल्या, की तू सगळं राज्य लुटतोस आणि यानं माझ्या जेवणाचं थोडं तूप घेतलं तर तुला बघवत नाही! ही गोष्ट मी लोकांना हसून सांगत असे. आता मला त्याच पुस्तकातली दुसरी जास्त आवडते. आसफुद्दौलाकडे फक्त डाळ शिजवणारा एक आचारी होता, पगार पाचशे रुपये. त्याची अट अशी, की डाळ हवी असेल तर आदल्या दिवशी सांगायचं, आणि तयार झाली असं म्हटलं की त्या क्षणी येऊन बसायचं. नवाब एकदा गप्पांत रंगला. तीनदा बोलावणं गेलं. आचाऱ्यानं डाळ एका वठलेल्या झाडाच्या बुंध्याशी ओतली आणि निघून गेला. झाडाला पालवी फुटली म्हणतात. पालवीचं राहू दे. पण जेवणाला वेळ द्यावा लागतो, हे त्या आचाऱ्याला जेवढं कळलं होतं तेवढं मला सत्तेचाळीस वर्षं कळलं नव्हतं. त्यासाठी मला पोट कापून घ्यावं लागलं, आणि तरी मी कधी कधी मोबाइल बघत जेवतो.

जेवणात मी फारसं काही गमावलं नाही. गमावलं ते पाणी. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही, आणि कधीही घटाघटा नाही. घोट घ्यायचा, थांबायचं, पुढचा घोट. पहिला उन्हाळा मी कसा काढला ते माझं मला माहीत. लखनौत जूनमध्ये पारा चव्वेचाळीसवर जातो, लू चालते, आणि मी भट्टीपाशी. बाकीची पोरं तांब्या वर धरून नरड्यात सोडायची, त्यांचा कंठमणी वर-खाली व्हायचा, आणि मी बाटलीच्या झाकणानं पाणी पीत बसायचो. मला बिर्याणी स्वप्नात आली नाही कधी. पाणी आलं. विहिरीच्या थारोळ्याशी ओंजळ लावून मी पाणी पितोय, कोपरावरून ओघळतंय, आणि संपतच नाही.

त्यानंतरच्या रमजानात समोरच्या जरीकामवाल्या चचांनी इफ्तारला बोलावलं. अजान झाली. त्यांनी एक खजूर उचलला, मीही उचलला. दिवसभर पाण्याचा थेंब न घेतलेला तो म्हातारा माणूस खजूर इतका सावकाश खात होता, की आमचे दोघांचे खजूर बरोबरच संपले. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "आप तो बारहों महीने रोज़े से हैं." बाकीचे हसले. चचा हसले नाहीत. त्यांनी माझ्यापुढचा भज्यांचा थाळा हळूच पलीकडे सरकवला आणि विषय बदलला. लखनौची तहजीब म्हणून पुष्कळ काय काय सांगतात, मला विचाराल तर ती एवढीच.

कारण या गावात नको म्हणणं ही कला आहे आणि ती मला आजन्म येणार नाही. आपल्याकडे आग्रह असतो, इथे इसरार असतो. आग्रहात दम असतो, "घे रे, लाजतोस काय" असा. इसरार गोड असतो, "आपने तो कुछ लिया ही नहीं, हमसे कोई ख़ता हो गई?" आग्रहाशी भांडता येतं. इसरारापुढे माणूस गुन्हेगार होतो. लग्नात मी एक युक्ती करतो. ताटात एक कबाब आणि शिरमालीचा तुकडा शेवटपर्यंत तसाच ठेवायचा. ताट रिकामं दिसलं की वाढपी येतो. वडिलांनी शिकवलं होतं त्याच्या नेमकं उलट.

शिरमाल, कुलचा, भात, पाव हे माझे खरे वैरी. मऊ दिसतात, आत गेल्यावर गोळा होऊन बसतात. छातीच्या मध्यावर दगड ठेवल्यासारखं होतं, तोंडाला फेस सुटतो, आणि पंगतीतून उठून जावं लागतं. त्याच्या आधी एक खूण मिळते. नाक वाहायला लागतं. खरंच. तुडुंब होण्याच्या एक घास अलीकडे माझं नाक गळतं. माझी बायको पंगतीत समोर बसते आणि माझ्या नाकाकडे लक्ष ठेवते. आणि यातली खरी गोम अशी, की जे पथ्याचं ते अडतं आणि जे कुपथ्याचं ते सुर्रकन उतरतं. पनीर, अंडं, कोंबडीचा तुकडा यांना आत जायला अर्धा तास लागतो. शेव, बिस्किटं, आइस्क्रीम यांना वाट कधीच अडवत नाही. दिवसाला साठ-सत्तर ग्रॅम प्रथिनं पोटात घालायची म्हणजे मला दुसरी नोकरी केल्यासारखं वाटतं. दुसऱ्या वर्षी माझे साडेतीन किलो परत आले, ते इथल्या लालबागला मित्रांबरोबर उभ्याउभ्या घेतलेल्या मलईच्या चहाचे आणि नमकीनच्या चिमटींचे. ऑपरेशन पोटाचं होतं. जीभ होती तशीच आहे, आणि हातही.

जेठ महिन्यातल्या बड्या मंगळाला तर या शहरात पन्नास पावलांवर एक मंडप असतो. पुरी, बटाट्याची भाजी, बुंदी, सरबत. अलीगंजच्या ज्या हनुमानाच्या देवळाशी ही चाल जोडतात, त्याच्या कळसावर चंद्रकोर आहे. नवाबी घराण्यातल्या बेगमेनं ते बांधल्याचं सांगतात. त्या दिवशी रस्त्यात कुणी कुणाला जात विचारत नाही, फक्त "प्रसाद लेते जाइए" म्हणून अडवतात. प्रसाद नाकारणार कसा? आता मी आमच्या बाजाराच्या मंडपात वाढायला उभा राहतो. वाढणाऱ्याला कुणी वाढत नाही, हे मला उशिरा सुचलं. पण वाढताना पाहिलं तर माझ्या हातून प्रत्येक दोन्यात, म्हणजे द्रोणात, चार पुऱ्यांच्या जागी सहा पडत होत्या. शेजारचा म्हणाला, "मराठाभाई, हाथ रोक के."

दरम्यान माणूस वाळतो तसा मी वाळलो. मध्ये तीन-चार महिने केस मुठीनं गेले, मग आले. दंडाखालची कातडी लोंबते. थंडी वाजते. डिसेंबरातल्या धुक्यात मी पूर्वी एका सदऱ्यावर फिरायचो, आता आत दोन थर घालतो. लाकडी पाटावर बसलं की खालची हाडं टोचतात, ती हाडं आपल्याला आहेत हेच मला ठाऊक नव्हतं. बाजारात दोघा-तिघांनी बायकोला बाजूला घेऊन विचारलं, काही वाईट दुखणं तर नाही ना? आमच्या लोकांत अंगावर मांस म्हणजे बरकत. गलाईवाला सुकला की भट्टी बसली असं समजतात.

दसऱ्याला गावी गेलो. विट्याला रेवणसिद्धाच्या पालख्यांची शर्यत असते, पालख्या खांद्यावर घेऊन माणसं जिवाच्या आकांतानं पळतात आणि गाव दोन्ही बाजूंनी ओरडतं. देशभरचे गलाईवाले त्यासाठी येतात. इतकी वर्षं मी कडेला खुर्ची टाकून बघायचो. या खेपेला गर्दीबरोबर वीस-पंचवीस पावलं पळालो. दम लागला, पण लाज वाटली नाही. संध्याकाळी चुलतभावाकडे मटण-भाकरी. मी नुसता रस्सा वाटीत घेतला आणि भाकरीचा पापुद्रा कुस्करून त्यात भिजवत बसलो. चुलती माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "लई खंगलास. बायकू जेवाय घालती का न्हाई?" बायको समोरच होती. ती म्हणाली, "आत्याबाई, मी घालते हो, तेच उतरत न्हाईत." त्यावर सगळे जोरात हसले, आणि नंतर माझ्या वाटीत एक मटणाचा तुकडा निमूट येऊन पडला. कुणी टाकला ते मला कळलं नाही. मी तो अर्ध्या तासात खाल्ला.

त्याच सुमारास लग्नातली अंगठी भट्टीजवळच्या पाण्याच्या परातीत निसटली. शेजारच्या कारागिरानं ती कापून बोटाच्या मापाची करून दिली. कापलेला तुकडा 640 मिलिग्रॅम भरला. तो कागदाच्या पुडीत बांधून मी गल्ल्यात ठेवला आहे. आमच्या धंद्यात काही टाकत नाहीत. दुकानातला केरसुद्धा न्यारिया विकत घेतो. आपल्याकडे त्याला झारेकरी म्हणतात. केर धुऊन, गाळून, त्यातलं कणकण सोनं तो काढतो. चौकात पहाटे गटाराचा गाळ उपसणारी माणसं दिसली तर ती महानगरपालिकेची असतीलच असं नाही. म्हणून शुद्धीवर आल्यावर मी डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारला तो हा, की काढलेल्या जठराचं वजन किती भरलं? ते म्हणाले, तपासणीला पाठवलंय, वजनाचं काही लक्षात नाही. मला आजही ते पटलेलं नाही. कापलेला माल तोलला नाही!

आणि बाकीचे त्रेपन्न किलो? ते कुठे गेले, हे मी बरेच दिवस धरून बसलो होतो. आमच्या हिशेबात घट म्हणजे हरवणं नव्हे. ती कुठेतरी असते, मुशीच्या कडेला, धुरात, केरात. मग माझ्या मुलीनं कॉलेजातून येऊन सांगितलं. विरघळलेल्या 10 किलो चरबीतली 8.4 किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडते, उरलेली पाणी होते. 2014 मध्ये दोघा ऑस्ट्रेलियन संशोधकांनी हे गणित मांडलं. म्हणजे मी ते किलो चौकाच्या हवेत सोडून आलो. गोल दरवाज्यापासून अकबरी दरवाज्यापर्यंत रोज सकाळी चालताना, थोडे थोडे. इथे न्यारिया काय करणार? पण त्यानंतर सोनं तोलताना सगळे श्वास रोखतात, तेव्हा मला हसू येतं.

31 ऑक्टोबर 2025 ला युनेस्कोनं लखनौला खाद्यसंस्कृतीचं सर्जनशील शहर म्हणून निवडलं. बाजारात मिठाई वाटली. माझ्या हातावर मलाई गिलोरी आली. मी ती चार जणांत वाटली आणि कागदाला लागलेली मलई चाटली.

सध्या थंडी आहे. चौकात गोल दरवाज्यापाशी सकाळी निमिषवाले बसतात. मक्खन मलाई म्हणतात तीच. रात्रभर दूध उघड्यावर दवात ठेवून पहाटे घुसळतात, वर येतो तो केशरी फेस. दोना डोंगराएवढा दिसतो आणि हातात घेतला तर वजनच नाही. आत बहुतेक हवाच असते. मला तो चालतो, दोन चमचे. ऊन चढलं की बसतो, म्हणून नऊच्या आत गाठावा लागतो. तुम्ही या दिवसांत लखनौला आलात तर सराफ बाजारात येऊन मराठ्यांची भट्टी कुठे म्हणून विचारा, कुणीही दाखवेल. एकच दोना घेऊ. दोन चमचे माझे, बाकीचा तुमचा, आणि मी आग्रह करणार नाही.